उपवासाचा गरबा

नवी मुंबईत नवरात्र जवळ आलं की सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये गरब्याचे वर्ग सुरू होतात आणि त्याच सुमारास घरोघरी उपवासाच्या सामानाची यादी निघते. दोन्ही गोष्टी बहुधा एकाच बाईच्या वाट्याला येतात. सकाळी पनवेलहून सीएसएमटीची लोकल धरायची, दिवसभर ऑफिस, संध्याकाळी आरती, आणि मग चहा-केळ्यावर रात्री दहापर्यंत गिरक्या घ्यायच्या. दहाला लाउडस्पीकर बंद होतात, ही सरकारची कृपा. मुदत वाढवून मिळते त्या रात्री मात्र देवीच वाली.

या नाचाचा सगळा भार साबुदाण्यावर. सेलमकडच्या कंदांचा हा पांढराशुभ्र माल म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. 100 ग्रॅममध्ये ग्रॅमभरही प्रथिनं नाहीत. नाचायला ताकद मिळते, पण दुसऱ्या दिवशी भरून आलेल्या पोटऱ्यांची डागडुजी कशाने करायची? खिचडीची लाज राखतो तो दाण्याचा कूट. शेंगदाण्यात 100 ग्रॅमला 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. कूट सढळ हाताने घालणाऱ्या आजीला आपण डाएटिशियन म्हणत नाही. तिने कधी फी मागितली नाही, म्हणून असेल.

वेळेचं गणित मात्र आजीलाही जमत नाही. साडेसातला तुपातली खिचडी आणि आठला रिंगणात, म्हणजे पोटात दगड घेऊन नाचणं. भरपेट खाणं दोन-तीन तास आधी उरकावं, निघताना केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू, मध्ये मीठ घातलेलं ताक, आणि घरी आल्यावर दूध किंवा दही. हे सगळं उपवासाला चालतं. तरी बायका नाचून आल्यावर पाणी पिऊन झोपतात. वजन उतरेल म्हणून.

हा वजनाचा हिशेब फार लवकर सुरू होतो. कथकला जाणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा भात आई बंद करते, कारण स्टेजवर ‘बारीक दिसायला हवं’. वाढत्या वयात नाचाच्या मानाने खाणं कमी पडलं तर पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, पायाच्या हाडाला बारीक चिरा पडतात. खेळाडूंमधल्या या प्रकाराला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये रीतसर नावच दिलं. नाचणारीचं शरीर खेळाडूचंच असतं. फक्त तिने हसत राहायचं असतं.

या शहरात पोटभर खाऊन नाचायची रीत मुळात आहेच. ती सिडकोने शहर वसवलं त्याच्याही आधीची. दिवाळे, करावे, घणसोलीच्या गावठाणात आगऱ्या-कोळ्यांची हळद असली की आधी मटण-भाकरीची पंगत उठते, मग बँडवर बायका उतरतात आणि पहाटेपर्यंत दमत नाहीत. काकूंच्या कंबरेचा घेर कुणी मोजत नाही. न जेवता नाचायला उठणारी मात्र लगेच नजरेत येते. “काय गो, बरं नाय का तुला?” म्हणत तिला हाताला धरून पुन्हा पाटावर बसवतात.