नाना आणि बेडेकर

परदेशी जायचं ठरलं की लोक आधी पासपोर्ट शोधतात. आमच्या नानांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा शोधला. इटलीवरची चार गाइडबुकं घरात आली होती आणि ती ते एकेक करून काट्यावर ठेवत होते. "हे आठशे चाळीस ग्रॅम. म्हणजे फोटो जास्त, मजकूर कमी. गुळगुळीत कागद जड असतो." केकचा मैदा त्या दिवशी काकूंनी अंदाजानेच घेतला.

नाना बँकेत इन्स्पेक्शनला होते. छापील पान दिसलं की त्यांची नजर आधी चुकीवर जाते. गाइडबुक निवडण्यासाठी त्यांनी तीन परीक्षा ठरवल्या होत्या आणि नापासाला ग्रेस मार्क नव्हते.

पहिली परीक्षा शनिवारवाड्याची. चारही प्रकाशकांची भारतावरची पुस्तकं दुकानात उभ्या उभ्या चाळायची आणि पुण्याचं पान काढायचं. "इटली मी पाहिलेली नाही, पण पुणं पाहिलंय. ज्याला शनिवारवाडा धड सांगता येत नाही त्याच्याकडून मी कलोसियम का ऐकून घेऊ?" एका पुस्तकात १८२८च्या आगीचा उल्लेखच नव्हता. ते तिथेच बाद.

दुसरी परीक्षा सोमवारची. फ्लॉरेन्सची उफिझी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे उभा आहे ती अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद असतात. ही गोष्ट त्या त्या जागेच्या नावाशेजारीच छापलेली हवी. पुस्तकाच्या शेपटीला, बारीक टायपात छापणारा लेखक नानांच्या मते "स्वतः मंगळवारी गेलेला" असतो. आणखी एक बाद.

तिसरी परीक्षा दान्तेची. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली यांच्या कबरी आहेत. दान्तेचीही एक भव्य कबर आहे, पण ती रिकामी. गावाने त्याला हद्दपार केलं, तो १३२१मध्ये राव्हेन्नात वारला आणि तिथेच पुरला गेला. "दान्तेची कबर पाहा एवढंच लिहिणारा माणूस आत डोकावलेला नाही. त्याने दुसऱ्याचं पुस्तक पाहून लिहिलंय." तिसरं बाद. चौथं पास झालं. ते सगळ्यात जड होतं.

नानांचं दैवत म्हणजे कार्ल बेडेकर. हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला लोणचं आठवलं. काकूंना तर लग्नानंतर दोन वर्षं तेच वाटत होतं. हा बेडेकर जर्मन. त्याने १८२७मध्ये कोब्लेंझला प्रकाशनाचा धंदा काढला आणि पुढे त्याची लाल पुठ्ठ्याची गाइडबुकं युरोपभर प्रवाशांच्या हातात दिसू लागली. पाहण्याजोग्या जागेला तारा द्यायची सवय लोकांना लावली ती त्यानेच. त्याची एक गोष्ट सांगतात. मिलानच्या कॅथीड्रलच्या गच्चीवर चढताना दर वीस पायऱ्यांनी तो बंडीच्या खिशातला एक वाटाणा विजारीच्या खिशात टाकायचा. उतरताना उलटा ताळा. "उलटा ताळा!" हे म्हणताना नानांचा गळा दाटून येतो.

जड पुस्तकाचा उपाय नानांनी अप्पा बळवंत चौकात शोधला. एका बाइंडरकडून त्याचे तीन खंड करून घेतले: रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस. सुरुवातीची ‘सर्वसामान्य माहिती’ रोमच्या खंडात गेली. बॅगा उचलायला पुतण्या म्हणून मी गेलो.

फ्लॉरेन्सला पोचलो तेव्हा रोमचा खंड मोठ्या बॅगेच्या तळाशी गेला होता. दुपारी नाना म्हणाले, "पुस्तकात तारा दिलेली खाणावळ आहे. याच रस्त्यावर, नंबर बारा आर." बारा नंबर सापडला. घंटी वाजवली. एका आजीबाईंनी दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. नानांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पुन्हा घंटी वाजवली. या खेपेला दार उघडलं नाही.

आम्ही तो रस्ता तीनदा पालथा घातला. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो, इथे आकडे दोन रंगांचे आहेत. घरांवर निळे, दुकानांवर लाल. लाल बारा मघाशी त्या कोपऱ्यावर होता." खरंच होता. फ्लॉरेन्समध्ये घरांची मोजणी वेगळी आणि दुकानांची वेगळी चालते. ‘आर’ म्हणजे रोसो, लाल. लाल बारापाशी पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते आणि दाराला संध्याकाळी सातची पाटी लागली होती.

"हे पुस्तकात असणारच," नाना म्हणाले.

"आहे ना," मी म्हणालो. "रोमच्या खंडात."

उपाशीपोटीच आम्ही जोत्तोच्या घंटाघराखाली आलो. पुस्तकात पायऱ्या ४१४ दिल्या होत्या. नानांनी कोटाच्या डाव्या खिशात पुण्याहून आणलेले फुटाणे भरले आणि दर वीस पायऱ्यांनी एक उजव्या खिशात टाकत चढायला लागले. मधल्या मजल्यावर दम लागला तेव्हा कोट काढून थोडा वेळ काकूंकडे दिला.

वर पोचल्यावर खाली सगळं गाव लाल कौलांचं पसरलं होतं. नाना उजवा खिसा मोजत होते.

"सतरा! सतरा गुणिले वीस, वर चौदा. तीनशे चोपन्न. साठ पायऱ्यांचा फरक! छापील चूक!" चूक सापडल्याचा एवढा आनंद त्यांना निवृत्तीनंतर झाला नव्हता.

"चूक नाही हो," काकू कौलांकडे बघत म्हणाल्या. "तीन मी खाल्ले. भूक लागली होती."

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी दोन्ही खिसे रिकामे केले आणि तीन वाटे घातले.

उतरताना ताळा करायला एकही फुटाणा उरला नव्हता.