बोईसरची गाडी, कथेतली

एका दिवाळी अंकातल्या कथेत नायिका १९९५ साली बोईसरला चर्चगेटची फास्ट लोकल पकडते. कथा चांगली होती, पण माझं वाचणं तिथेच थांबलं. बोईसरवरून पुढे डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३च्या एप्रिलमध्ये. त्याआधी आमच्याकडे शटल होती, लांब पल्ल्याच्या काही गाड्या होत्या, आणि चर्चगेट गाठायचं तर बहुतेकांना विरारला उतरून गाडी बदलावी लागे. आजही बोईसरहून निघालेली लोकल उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा असं करत, सगळीकडे थांबत विरारला पोचते. इथे फास्ट कुठली?

एवढ्यातेवढ्याने काय बिघडतं, असं लोक म्हणतात. कथा बिघडते. शटल चुकली की माणूस फलाटावर अडकायचा. तारापूर एमआयडीसीतली पाळी, मुंबईतलं कॉलेज, दवाखान्यातली वेळ, सगळं त्या गाडीला बांधलेलं असायचं. ही नायिका ज्याला टाळून निघाली होती, त्याने तिला विरारच्या पुलावर, गाडी बदलण्याच्या गर्दीत गाठलं असतं. लेखकाने तिला थेट लोकलमध्ये बसवलं आणि हातातला सगळ्यात चांगला प्रसंग घालवला.

जागेच्या चुका मी मनावर घेत नाही. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवटचा प्रसंग घडतो पंजाबात, चित्रित झाला पनवेल-रोहा मार्गावरच्या आपटा स्टेशनात. चालेल. निदान फलाट खरा आहे आणि सुटलेल्या गाडीमागे धावणंही खरं आहे. पण राजधानीच्या एसी डब्याच्या खिडकीतून हात बाहेर काढून निरोप देणारा नायक मला सोसत नाही. ती काच उघडत नाही. मुंबईकडे ‘डाऊन’ गाडीने निघालेला नायकही सोसत नाही. चर्चगेटकडे जाते ती अप. अवतार कृष्ण कौल यांनी १९७४ साली ‘२७ डाऊन’ हा चित्रपट काढला तो खऱ्या गाड्यांत, खऱ्या स्टेशनांवर कॅमेरा नेऊन. म्हणजे हे जमतं. कष्ट घ्यावे लागतात.

विरार ते डहाणू चौपदरीकरणाचं काम चालू आहे. तोवर लोकल, मालगाडी, मेल सगळ्यांना मिळून एक अप, एक डाऊन. मागून राजधानी आली की लोकल बाजूला उभी करतात. पंखे फिरत राहतात, लोक घरी फोन लावतात, दारातला कुणीतरी वाकून सिग्नल बघतो. कामाला उशीर होणार हे एव्हाना सगळ्या डब्याला कळलेलं असतं, आणि एकमेकांना नावानेही न ओळखणारी माणसं बोलायला लागतात. कादंबरीकाराला याहून काय हवं? अजून एकाही मराठी कादंबरीत मी ती थांबलेली लोकल वाचलेली नाही.