पाव वळसा

रविवारी सकाळी दुधाची पिशवी घेऊन जिन्याकडे निघालात की पार्किंगच्या कोपऱ्यातून हाक येते, "अरे, जरा सेल्फ मार रे!" वळून बघावं तर उघड्या बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत शिरलेली एक बर्म्युडा. तुम्ही सेल्फ मारता. मग पुन्हा मारता. दूध नासतं. तुमच्याही सोसायटीत हे असतातच. आमच्याकडे त्यांना आप्पा म्हणतात.

आप्पांची पद्मिनी 1984 ची. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, त्या दिवशी आप्पांनी आपली गाडी धुतली आणि पेढे वाटले. "आता हीच!" म्हणाले. म्हणजे दुखवटा होता की काय, ते आम्हाला कळलं नाही, पण पेढे चांगले होते.

या गाडीचं एक जुनं दुखणं होतं. मे महिन्यात वाईला निघावं, खंबाटकीच्या चढावर इंजिनाच्या पोटाशी असलेला पंप तापावा, आतल्या पेट्रोलची वाफ व्हावी आणि गाडीने बसकण मारावी. मग काकूंनी ओलं फडकं पंपावर धरून उभं राहायचं. काकूंचे किती नॅपकिन त्या घाटात कामी आले याचा हिशेब त्यांच्याकडे आहे, तारखांसकट.

निवृत्तीनंतर आप्पांनी यावर तोड काढली. पंप मागे, टाकीजवळ बसवायचा. तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो. ढकललेल्या पेट्रोलची वाफ सहजी होत नाही. विचार बिनचूक होता. पण जुन्या बाजारातून उचललेला इलेक्ट्रिक पंप निघाला इंजेक्शनच्या गाडीचा. त्याचं प्रेशर चाळीस पौंडांच्या वर आणि पद्मिनीच्या कार्बोरेटरला लागतात जेमतेम तीन. फ्लोटची इवलीशी सुई काय अडवणार? चावी फिरवताच पेट्रोल असं वर आलं, की वॉचमनने बिडी पायाखाली चिरडून देवाचं नाव घेतलं.

मग आप्पांच्या आयुष्यात रेग्युलेटर आला, हवं तितकं प्रेशर लावता येणारा. डोक्यावर एक स्क्रू असतो. आत फिरवला की स्प्रिंग दाबली जाते, प्रेशर चढतं. बाहेर सोडला की उतरतं. फिरवायचं मात्र बेताने, पाव पाव वळसा. झालं! आप्पांना मंत्र मिळाला.

काकूंच्या आमटीत चिंच पाव वळसा जास्त झाली. पुतणीला बघायला आलेला मुलगा "तसा बरा आहे, पाव वळसा कमी बोलला असता तर." सोसायटीच्या सभेत मेन्टेनन्स वाढवायचा विषय निघाला, तर आप्पा उठून म्हणाले, "एकदम नको, पाव वळसा वाढवा." गंमत म्हणजे ठराव तसाच मंजूर झाला आणि सेक्रेटरी अजून विचारत फिरतो आहे, की म्हणजे नेमके किती रुपये?

पहिला रेग्युलेटर आणला तो रंगावर भाळून. निळाशार, चकचकीत, सोबत शंभर पौंडांची तबकडी. मुळात त्याची धावच तीसच्या पुढे. स्क्रू पूर्ण सैल केला तरी तो तीनवर येईना. आणि शंभराच्या तबकडीवर तीन बघणं म्हणजे कोळशाच्या वखारीतल्या काट्यावर केशर तोलणं. आप्पा भिंग घेऊन बसत. मग नाना पेठेतली दुकानं पालथी घालून एक ते पाच पौंडांचा रेग्युलेटर आला, पंधराची तबकडी आली, उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी आली. यात दीड वर्ष गेलं. मधे एकदा मिस्त्री म्हणाला होता, "आप्पा, जुन्या पंपाला डायफ्रॅमचं किट टाकू. अर्ध्या तासाचं काम आहे." कीर्तनकाराला कुणी "थोडक्यात उरका" म्हणावं, तसं आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं.

अखेर काटा तीनवर थांबला. स्क्रू हलू नये म्हणून त्यावरचा लॉकनट आवळला. ऐन मे महिन्यात दोघं वाईला जाऊन ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन आली. खंबाटकीत गाडी थांबली नाही. नॅपकिन कोरडा परत आला.

आणि पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. मी दूध घेऊन थेट घरी. बायको म्हणाली, "आज लवकर?" त्या चहाला, खरं सांगायचं तर, चव नव्हती. वर आप्पा आठवडाभर स्वयंपाकघरात होते. गॅसची ज्योत, कुकरची शिटी, फिल्टरची तोटी, सगळीकडे पाव वळसा. मंगळवारी फोडणी जळाल्याचा वास जिन्यात आला. गुरुवारी काकूंचा आवाज आला.

त्याच्या पुढच्या रविवारी बॉनेट उघडं! बर्म्युडा जागेवर! "अरे, प्रेशर सव्वादोनवर उतरलंय! स्प्रिंग बसली की काय, कळत नाही. आता सगळं पुन्हा खोलावं लागणार!" सांगताना चेहरा असा, की नातू झाल्याची बातमी देताहेत.

मी वर पाहिलं. गॅलरीत काकू बोटांचं काळं ऑइल नॅपकिनला पुसत उभ्या होत्या. नजरानजर झाली, तशा कठड्यावरून वाकून हळूच म्हणाल्या, "लॉकनट किती घट्ट आवळतात हो मेला!"

मी पिशवी बॉनेटशेजारी ठेवली आणि सेल्फ मारला.