इंजेक्शन विरुद्ध आग्रह

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही आठवड्यातून एकदा पोटाच्या, मांडीच्या किंवा दंडाच्या कातडीखाली टोचून घ्यायची, वजन उतरवणारी औषधे. 2025 साली टिर्झेपटाइडचे ‘मौंजारो’ मार्चमध्ये आणि सेमाग्लुटाइडचे ‘वेगोवी’ जूनमध्ये भारतात विक्रीला आले. सोसायटीच्या लिफ्टमध्ये ‘ओझेम्पिक’ हे सेमाग्लुटाइडचेच दुसरे नाव त्याआधीच राहायला आले होते. जेवल्यावर आतड्यातून स्रवणाऱ्या जीएलपी-1 या संप्रेरकाची ही औषधे नक्कल करतात. पोट भरल्याची वर्दी मेंदूला लवकर पोचते आणि जठर सावकाश रिकामे होते. दोन पोळ्यांतच श्रीखंड-पुरीनंतरची दुपार येते. पोटाचे बहुतेक दुष्परिणाम यातूनच निघतात. बाकीचे नातेवाइकांतून.

पहिला मान मळमळीचा. सेमाग्लुटाइडच्या 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास वजन उतरले आणि शंभरातल्या 44 जणांना कधी ना कधी मळमळले. औषधाविना नुसते इंजेक्शन टोचलेल्यांपैकीही शंभरात 17 जणांना मळमळले, त्यावर मात्र उपाय सापडलेला नाही. खरी मळमळ टाळण्यासाठी मात्रा पायरीपायरीने चढवतात : 0.25 मिलिग्रॅमने सुरुवात, मग चार-चार आठवड्यांनी 0.5, 1, 1.7 आणि शेवटी 2.4. लग्नाचा हॉल बुक झालेल्या घरात हा क्रम फारसा पाळला जात नाही. एकच पेन दोघी जावांनी वापरण्याची काटकसरही आढळते. सुई बदलली तरी त्यातून रक्तावाटे संसर्ग होऊ शकतो.

मळमळीवरचा उतारा साधा आहे. थोडे थोडे खावे, सावकाश खावे, तळलेले टाळावे, पोट भरल्याची पहिली जाणीव होताच हात धुवावेत आणि जेवून लगेच आडवे होऊ नये. अडचण पंगतीत येते. वाढपी जिलबीचे ताट घेऊन पुढ्यात वाकतो, पानावर आडवा धरलेला हात यजमानीणबाई स्वतः बाजूला करतात आणि विचारतात, ‘‘अहो, एवढ्यानं काय होतंय?’’ या प्रश्नाला वैद्यकीय उत्तर आहे : उलटी होते. एकादशीही सोयीची नाही. शेंगदाण्याच्या कुटातली साबुदाण्याची खिचडी आणि वर बटाट्याचा तळलेला कीस हा मंदावलेल्या जठराला उपास वाटत नाही.

काहींना सडक्या अंड्याच्या वासाचे ढेकर येतात. शुद्ध शाकाहारी घरात त्यावरून चौकशी बसू शकते. बद्धकोष्ठता झाली तर पाणी, भाज्या, चालणे आणि लागल्यास इसबगोल. भुकेबरोबर तहानही मंदावते, म्हणून पाणी आठवणीने प्यावे. उलट्या-जुलाबांत शरीर कोरडे पडले की भार मूत्रपिंडांवर येतो. वजन उतरवण्याच्या ऑर्लिस्टॅट या जुन्या गोळीची तऱ्हा वेगळी. ती खाल्लेल्या चरबीपैकी सुमारे 30 टक्के पचूच देत नाही, त्यामुळे चोरून खाल्लेल्या वडापावाचा तेलकट पुरावा कपड्यांवर उमटू शकतो. गडद रंगाची पँट हा त्यावरचा प्रचलित इलाज.

या इंजेक्शनांच्या काही लक्षणांत विनोद नाही. पोटात न थांबणारी, पाठीकडे जाणारी कळ स्वादुपिंडाच्या दाहाची असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखून ताप आला तर पित्ताशयातल्या खड्यांची शंका घ्यावी. दृष्टीत अचानक फरक पडला तरी डॉक्टरांकडे जायला थांबू नये. अशा वेळी ‘आधी ओवा चावून बघ’ हा सल्ला ऐकण्यात वेळ घालवू नये. घराण्यात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग असेल तर ही इंजेक्शने घेत नाहीत, गरोदरपणातही नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर फार उतरू शकते, त्यांची मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. शस्त्रक्रियेआधी जठरात अन्न शिल्लक राहू शकते. सासूपासून लपवलेले इंजेक्शन भूलतज्ज्ञापासून लपवू नये.

चरबीबरोबर स्नायूही झिजतात. त्यासाठी डाळी, दही, अंडी, मासे आणि वजने उचलण्याचा व्यायाम. वरण-भातातल्या पातळ वरणाला प्रथिने समजण्यात अर्थ नाही. वजन झपाट्याने उतरल्यावर केस गळतात, ते बहुधा परत येतात. गाल बसल्यावर ‘‘आजारी होतीस का गं?’’ असे विचारणाऱ्या मावशीवर मात्रा सापडलेली नाही.

औषध थांबवले की भूक परतते. वरच्या चाचणीतल्या काही जणांवर पुढेही लक्ष ठेवले, तेव्हा वर्षभरात गेलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले होते. म्हणून थांबवायचे कधी आणि कसे, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. काही आठवड्यांचा खंड पडला तर डॉक्टर बहुधा पुन्हा खालच्या मात्रेपासून सुरुवात करतात. नवरात्र ते दिवाळी सुट्टी घेऊन भाऊबीजेला थेट 2.4 टोचणाऱ्यांना मळमळ तुळशीच्या लग्नापर्यंत पुरते.