चितपट कुणी कुणाला करायचं?

वडूजच्या स्टँडाजवळ चहाला थांबलेल्या माणसाची एसटी चुकली, तर दोष दरवेळी चहाचा नसतो. शेजारच्या बाकड्यावर 'सगळ्यात मोठा खेळाडू कोण' हा खटला चालू असतो. एक माजी पैलवान, एक निवृत्त गुरुजी आणि मोबाइलवरून आकडे पुरवणारा पोरगा, एवढ्यावर न्यायालय भरतं.

पैलवानांचं उत्तर ठरलेलं: कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी, ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं लिअँडर पेसनं आणलं ते थेट १९९६ साली. "सत्तावन्न किलो गटातला गडी, पण चव्वेचाळीस वर्षं कुणाला उचलला न्हाई!"

"आणि सचिनची शंभर शतकं?" पोरगा.

"त्याला कुणी पाठीवर पाडलाय का कधी?"

या प्रश्नाला मोबाइलकडे उत्तर नसतं. पैलवान मग खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी राहतं घर गहाण टाकणाऱ्या प्राचार्य खर्डेकरांवर येतात आणि समोर गुरुजी बसलेत हे विसरून विचारतात, "आताचा कोण मास्तर टाकंल?" गुरुजी घाईनं विषय माण तालुक्याकडे नेतात.

तिथलं मोही हे ललिता बाबरचं गाव. २०१६ साली रिओत ती ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. या शर्यतीत अडथळ्यांशिवाय सात वेळा पाणी ओलांडावं लागतं. जिथं टँकरची वाट बघत उन्हाळे गेले, त्या तालुक्यातल्या पोरीनं पाणी दिसूनही न थांबता पुढं जायचं, यापेक्षा अवघड परीक्षा कुठली? पण तिला पी. टी. उषाशेजारी उभं करायचं कसं? उषाचं पदक १९८४ साली सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं, आणि तेव्हा बायकांची स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. ती आली २००८ साली.

आपल्याकडे पदक हीच पट्टी, आणि घोटाळा तिथंच आहे. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली; अंतिम लढतीत दीडशेपैकी १४९ गुण. "मग पॅरिसला का न्हाई गेली?" पैलवान विचारतात. कारण तिचा कंपाउंड प्रकार तिथं नव्हता. जी शर्यत लावलीच नाही, ती हरल्याचा ठपका खेळाडूवर कसा ठेवायचा?

पैलवान या मुद्द्यावर थोडे नरमलेत. २०२८ साली लॉस एंजेलिसला कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच येतोय. खटल्याला तोवरची तारीख पडली आहे.