आक्काचा वैताग

कुणाला शुगर असते, कुणाला बीपी. आमच्या आक्काला वैताग आहे. त्यावर गोळी नाही, पथ्य नाही आणि तिची तशी मागणीही नाही. सकाळी उठून एकदा मनासारखं वैतागून घेतलं की तिला बरं वाटतं. जळगाव जिल्ह्यात, बोदवडला आमच्या गल्लीत ज्या दिवशी तिचा आवाज येत नाही, त्या दिवशी शेजारच्या काकू ओट्यावरून विचारतात, "आक्का गावाले गेली का काय?"

आक्का म्हणजे माझी थोरली मावशी. पण गल्लीतले सगळेच, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा, तिला आक्का म्हणतात. भांडणात हा मान फार उपयोगी पडतो.

तिचा वैताग मोठ्या गोष्टींवर नसतो. बोदवडच्या पाण्याचं घ्या. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल हे पंचांगातही सापडत नाही, आणि आलं की हमखास मध्यरात्रीनंतर. आक्का उठते, पदर खोचते, टाकी, ड्रम, हंडे, पातेली, शेवटी चहाची किटलीसुद्धा भरते. तोंडातून शब्द नाही. कापसाचा भाव पडला, शब्द नाही. काकांचं लांबलेलं आजारपण तिनं एक अक्षर न काढता निभावलं. पण पाहुण्यानं पाणी पिऊन पेला खिडकीत ठेवला, की संपलं. "तो पेला उचलाले सरकार मानूस पाठवनार हाये का?"

मी एकदा तिला विचारलं, की एवढ्याशा पेल्यासाठी एवढं काय? ती म्हणाली, "पान्याले बोलून पानी येते का? पेल्यावाल्याले बोललं तं पेला तरी हालते." यावर मला आजपर्यंत उत्तर सुचलेलं नाही.

लग्नपत्रिका हा तिचा खास विषय. आमच्याकडची लग्नपत्रिका एकदा उघडली की पुन्हा घडी घालता येत नाही. त्यात प्रमुख उपस्थितीत अर्धी विधानसभा, खाली स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, संयोजक, निमंत्रक, मग नवरदेवाच्या मामाच्या मित्राचं मोबाइलचं दुकान, आणि शेवटी अजून नीट बोलताही न येणाऱ्या पोरांची किलबिल. आक्का चष्मा लावून हे सगळं बोट फिरवत वाचते. लग्नघरी महिनाभर आधीपासून बिबड्या, कुरडया, पापड करायला बसलेल्या बायकांतली एकही त्यात नसते. "मामाच्या दोस्तानं काय लाटलं?" ती विचारते. हा प्रश्न तिनं एका हळदीला खुद्द मामालाच विचारला होता. मामा डीजेकडे बघायला निघून गेले.

दर वर्षी आक्का पुण्याला दादाकडे, म्हणजे तिच्या मुलाकडे येते. मीही पुण्यातच असल्यामुळे रविवारी माझी तिथे हजेरी लागते. आक्का येताना भुसावळहून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरायची, सोबत पिशवीत भरताची लांब हिरवी वांगी, कळण्याचं पीठ, बिबड्यांचा डबा. वाटेत ती पाण्याचा घोट घेत नाही. गाडीतल्या संडासापेक्षा तहान बरी, हा तिचाच नाही, तिच्या वयाच्या तमाम बायकांचा रेल्वे नियम आहे.

सोसायटीच्या फाटकावर पहिल्याच वर्षी वॉचमननं तिला अडवलं. "मावशी, कोणत्या फ्लॅटला कामाला?" आक्का म्हणाली, "कामालेच आली बाबा. पन पगार नाई, म्हनून तुह्या वहीत नाव लागनार नाई." आणि लिफ्टकडे चालू लागली. त्या पोराला यातलं काय कळलं कोण जाणे. पुढच्या वेळेपासून तो तिला उठून नमस्कार करायला लागला.

शहरात वैतागाची टंचाई नाही. सगळ्यांची दारं बंद. कुरिअरवाला दारापर्यंत येऊन फोनवर विचारतो, पत्ता कुठे आहे. आणि गॅसवर भाजलेलं वांगं. आमच्याकडे वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, असा रिवाज. तिसऱ्या मजल्यावर काड्या पेटवायला वहिनी हात जोडून नको म्हणाली. आक्कानं गॅसवर भाजलं, चाखलं आणि म्हणाली, "हे रजिस्टर लगन झालं. कायद्यानं बरोबर, पन जेवल्यासारखं वाटत नाई." सगळ्यात मोठा त्रास मात्र पाण्याचा. तिथे नळाला चोवीस तास पाणी. आक्काला सवयीनं रात्री दोनला जाग येते, ती नळ सोडते, पाणी येतं, आणि भरायला काही नसल्यामुळे ती उरलेली रात्र चिडून काढते.

पण पुण्यात तिच्या वैतागाला खरं कुरण मिळालं ते टीव्हीत. बोदवडला संध्याकाळी वीज, पाणी, पाहुणे यांतून सलग मालिका बघायला मिळायची नाही. इथे सात ते दहा ती सोफ्यावर मांडी घालून बसते. गोष्ट बघतच नाही. ती हिशेब बघते. कोण जेवलं, कोण नाही, ताटं कुणी उचलली, हे मनात मोजत असते. 2013 साली 'होणार सून मी ह्या घरची' सुरू झाली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला त्या घरातल्या सहा सासवांचं कौतुक होतं. आक्काला एकच शंका. "एवढ्या बाया, आन गॅसचा ओटा पुसताना एकबी दिसत नाई. मंग पुसते कोन?"

2016 मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' आली. नायिका राधिका नागपूरकडची, तिच्या बोलण्याला मुंबईतली माणसं हसायची, म्हणून आक्का पहिल्या आठवड्यापासून तिच्या पक्षात. आपल्यासारखं बोलणारं माणूस मालिकेत आलं की ते एकतर नोकर असतं नाहीतर विनोदी, हे तिचं निरीक्षण जुनं आहे. (बहिणाबाईंचं असोदं आमच्याच जिल्ह्यातलं. त्यांची भाषा पाठ्यपुस्तकात चालते, मालिकेच्या दिवाणखान्यात नाही, हे माझं.) पण राधिकेनं मसाल्याचा कारखाना काढला आणि आक्काचं पित्त खवळलं. आक्कानं गल्लीतल्या बायकांना घेऊन पापडांचा गट चालवला आहे. उडदाचा भाव, वाळवणावर आलेला अवकाळी पाऊस, उधारीवाले, हे सगळं तिला तोंडपाठ. "मिरची कुटाले डंकावर गेलेली एकदा तरी दाखवली का? एकदा शिंकली का? कोट्यवधी रुपये झाले, पन शिंक नाई!"

'होम मिनिस्टर'शी तिचं भांडण वेगळं. 2004 पासून आदेश बांदेकर महाराष्ट्राचे भाऊजी झाले, घरोघर पैठण्या वाटत फिरले. तो माणूस तिला आवडतो. बायकांना कुणी आपणहून येऊन बोलतं करतं, हेच तिला अप्रूप. पण बायकोला नवऱ्याच्या आवडीनिवडी विचारल्या गेल्या, की ती टीव्हीलाच ओरडायची, "त्याले इचारा ना, सिलेंडर कधी संपलं ते!"

'आई कुठे काय करते' पाच वर्षं चालली, 2019 ते 2024. नवऱ्यानं, अनिरुद्धनं, बाहेर संसार थाटला, अरुंधतीनं घटस्फोट घेतला, गाणं धरलं, दुसरं लग्न केलं. दादा म्हणाला, बघ आक्का, किती पुढारलेली मालिका. आक्का म्हणाली, "घटस्फोट झाला, पन त्या घरची काळजी काई सुटली नाई बाईची. कागदावर सही करून रांधनं सुटते व्हय?"

मी मराठी शिकवते, त्यामुळे मला अधूनमधून इतिहास सांगायची खोड आहे. एकदा 'चला हवा येऊ द्या'मध्ये पुरुष साड्या नेसून आले आणि सगळे हसत असताना मी सांगायला लागले, की पूर्वी यात हसण्यासारखं काही नव्हतं. बालगंधर्व साडी नेसायचे तेव्हा बायका त्यांचं बघून साड्या नेसायच्या. आणि फाळक्यांना 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळेना, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. हे साळुंके मूळचे मुंबईतल्या एका खानावळीत स्वयंपाकी.

आक्का एकदम सावरून बसली. "सैपाकी होता?"

"हो."

"मंग बरोबर हाये. सैपाक येत होता म्हनून बाईचं काम देलं." मग दादाकडे वळून, "जमलं ना त्या मानसाले? मंग तुमाले काहून जमत नाई?"

पुढे 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या, हेही मी सांगून टाकलं. आक्का बराच वेळ हसली. म्हणाली, "मंग त्या सीतेले रामानं समजून घेतलं असन."

तिला सगळ्यात आवडली ती शांता आपटेंची हकीगत. 1937 च्या 'कुंकू'त म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देणारी नीरा त्यांनी केली, आणि दोन वर्षांनी प्रभात कंपनीशी करारावरून वाजलं तेव्हा त्या थेट स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. हरितालिका, वटसावित्री, सोमवार, संकष्टी हे सगळे उपास आक्कानं धरलेले. त्यातला एकही स्वतःसाठी नव्हता. "सोताच्या कामाच्या पैशासाठी उपास?" तिनं दोनदा विचारलं. तो स्टुडिओ म्हणजे आताची लॉ कॉलेज रोडवरची फिल्म इन्स्टिट्यूट, असं कळल्यावर तिला ते फाटक बघायचंच होतं. रिक्षा करून नेलं. तिनं फाटक खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "बसाले सावली तरी होती का तिले?"

सिनेमाचं तिचं मत मात्र फार आधीच ठरलेलं होतं. 1991 साली 'माहेरची साडी' आला, तेव्हा गावोगावच्या बायका मिळेल त्या वाहनानं थिएटरात जाऊन रडून आल्या. आमची आईही रडली. त्या गर्दीत न रडलेली बाई आमच्या माहितीत एकच. बाहेर पडताना आक्का म्हणाली होती, "साडी माहेरची, मार सासरचा, आन पैसा थेटरवाल्याचा."

तीस-बत्तीस वर्षांनी, 2023 मध्ये, वहिनीच्या भिशीतल्या बायका 'बाईपण भारी देवा'ला निघाल्या. एका रंगाच्या साड्या, काळे गॉगल. आक्काला ओढून नेलं. सहा बहिणींची गोष्ट तिला मनापासून आवडली, एका प्रसंगाला तिनं शिट्टी वाजवायचाही प्रयत्न केला. मग मध्यंतर झालं. सगळं थिएटर बायकांनी भरलेलं, आणि बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेरची रांग पॉपकॉर्नच्या काउंटरला वळसा घालून गेलेली. पुरुषांचं दार उघडं, आत चिटपाखरू नाही. आक्कानं दोन्हींकडे पाहिलं, पदर सावरला आणि पुरुषांच्या दारात उभी राहून मोठ्यांदा विचारलं, "आत कोनी हाये का भो?" उत्तर आलं नाही. ती मागे वळून भिशीला म्हणाली, "चला." पहिलं मिनिटभर कुणी हललं नाही. मग अर्धी रांग हलली. दाराशी पहाऱ्याला स्वतः आक्का.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये, सिनेमात काम करणाऱ्या बायकांच्या परिस्थितीवरचा, केरळचा हेमा समितीचा अहवाल बाहेर आला. 2019 मध्येच सरकारला दिलेला, आणि तेव्हापासून दाबून ठेवलेला. दादा पेपरातून वाचून दाखवत होता. त्यात फार भयंकर गोष्टी होत्या. आक्का ऐकत राहिली, काही बोलली नाही. मग तो एका साध्या ओळीशी आला. चित्रीकरणाच्या ठिकाणी संडासाची सोय नसते, म्हणून तिथल्या बायका पाणीच पीत नाहीत. आक्का म्हणाली, "हिरोनीबी?" आणि मग जवळजवळ समाधानानं, "म्हंजे त्याबी भुसावळच्याच गाडीत हाये."

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर वहिनी माझ्याशी बोलणार नाही. ही सगळी टीका करणारी आक्का जेवताना पहिली गरम पोळी दादाच्या ताटात टाकते. वहिनी ऑफिसातून आठला आलेली असली तरी. दादानं एकदा आपणहून चहा टाकला, तर आक्का मालिका अर्धी सोडून स्वयंपाकघरात. "हट, दूध उतू जाईन." दादा म्हणाला, मी बघतो. "तू काय पाहशीन, मरदमानूस!" वहिनी दारात उभी. तिनं फक्त एवढंच विचारलं, "आक्का, ही मालिका कोणत्या चॅनेलवरची?"

आक्कानं गाळणी दादाच्या हातात दिली आणि सोफ्यावर येऊन बसली. त्या दिवशीचा चहा तिनं संपवला, पण कसा झाला ते सांगितलं नाही. दूध उतू गेलं होतं. ओटा दादानंच पुसला, आणि आक्का मान वाकडी करून, आपण बघत नाही असं दाखवत, कुठून कुठपर्यंत पुसला ते बघत होती.

यंदा दादानं बोदवडलाही स्मार्ट टीव्ही बसवून दिला आहे. पापडांचा गट दुपारी तिच्याकडेच बसतो, समोर जुनी मालिका चालू, हातात लाटणी. सलग चार-पाच भाग झाले की तो टीव्ही मधेच थांबतो आणि पाटी दाखवतो, तुम्ही अजून बघताय का? परवा मी गेले होते तेव्हाही थांबला. सगळ्यांचे हात पिठात. रिमोट दाबायला कुणी उठेना.

"हे मेलं रोज इचारते," आक्का म्हणाली, "पाह्यते का, पाह्यते का. जेवली का म्हनून एकदा इचारलं नाई."