आजी आणि बोके

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यातल्या पहाटे होडीत बसलं की पक्ष्यांआधी लेन्सच मोजाव्या लागतात.

नवा कॅमेरावाला लगेच ओळखू येतो. खोक्यातली १८-५५ची किट लेन्स 'काही कामाची नाही' म्हणून त्याने आठवड्यातच कपाटात टाकलेली असते. एफ/८वर तीच लेन्स धुक्यातला घाट झकास टिपते. पण त्यासाठी हप्ते भरावे लागत नाहीत, मग मान कुठून मिळणार? घरात येते ५० एमएम, एफ/१.८. महिनाभर ॲपर्चर सताड उघडं. फोटोत आजीचा डावा डोळा लख्ख, उजवा धूसर, मागचं देवघर गायब.

"अरे, माझा दुसरा डोळा कुठं गेला?"

"आजी, ह्याला बोके म्हणतात."

आजी दुधावर झाकण ठेवायला उठते.

पुढे कर्जाऊ ६०० एमएम. शटर १/६०वर विसरलेलं, म्हणून उडता फ्लेमिंगो म्हणजे नुसता गुलाबी फराटा. हरकत नाही, रॉमध्ये काढलंय! 'रॉ'वर ह्या मंडळींची जेवढी श्रद्धा, तेवढी फोकसवर असती तर! घरी सॅच्युरेशनचा स्लायडर उजवीकडे टोकाला जातो. शेवाळ आणि बारीक कवचधारी जीव खाऊन फ्लेमिंगोला जो रंग हळूहळू चढतो, तो इथे दोन सेकंदांत, शिवाय बर्फाच्या गोळ्यासारखा गडद.

पुढच्या खेपेला फोटो होडीवाल्याला दाखवला. त्याने मोबाइल लांब धरून नीट पाहिला.

"भारी हाय साहेब. कुठल्या देशातला पक्षी म्हणायचा ह्यो?"